नीट पुन्हा द्यायची आहे? गोव्यातल्या रिपीटरांचे आणि त्यांच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. जूनमध्ये नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस फोन खाली ठेवायला मिळत नाही. पलीकडून कधी मुलगी रडत असते, कधी वडील हिशोब मांडत असतात, पण प्रश्न बहुतेक तेच. माझ्या स्वतःच्या मुलीनेही एक वर्ष रिपीट केलं, त्यामुळे टीचर म्हणून काय सांगायचं आणि आई म्हणून काय निस्तरावं लागतं, दोन्ही ठाऊक आहे. मुलांना मी 'तू' म्हणते, पालकांना 'तुम्ही'. खाली उत्तरांतही तसंच येईल. परीक्षेबद्दलचे आकडे २०२५ च्या नीटचे आहेत. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते, फॉर्म भरण्याआधी ती वाचायचीच.

नीट किती वेळा देता येते? वयाची अट आहे का?

कितीही वेळा. वयाची वरची मर्यादा २०२२ पासून नाही. खालची आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. रिपीटरांना तिची काळजी नको.

मागच्या वर्षीचा स्कोअर यंदा चालेल का?

देशातल्या प्रवेशाला नाही. परदेशात एमबीबीएस करायचं असेल तर नीटचा पात्र निकाल तीन वर्षं ग्राह्य धरतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

टीचर, रिपीट करू की नको?

हे विचारायच्या आधी एक काम कर. पेपरची पुस्तिका तू घरी आणलीस, ती कपाटातून काढ. नॅशनल टेस्टिंग एजन्सी उत्तरपत्रिकेची, म्हणजे ओएमआरची, स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरसूची थोडे दिवस वेबसाइटवर ठेवते. ती तेव्हाच उतरवून घेतली असशील तर उत्तम. तिन्ही गोष्टी समोर ठेव आणि चुकलेला किंवा सोडलेला प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांत टाक. पहिला रकाना, अजिबात येत नव्हतं. दुसरा, येत होतं पण वाचण्यात, आकडेमोडीत किंवा गोळा काळा करण्यात चुकलं. तिसरा, वेळ संपली म्हणून सोडलं किंवा घाईत ठोकून दिलं.

याला एक दुपार लागते, आणि ती दुपार फार वाईट जाते. माझी मुलगी ती वही चार दिवस उघडायला तयार नव्हती. पण ती उघडल्याशिवाय घेतलेला निर्णय कुणाचाच नसतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असतो.

आता रकाने मोज. दुसरा आणि तिसरा भरलेला असेल तर वर्षभरात गुण वाढण्याची शक्यता चांगली आहे. कारण विषय डोक्यात आहे, सवय बिघडलेली आहे. पहिला रकाना ओसंडून वाहत असेल आणि त्यात नव्वद टक्के फिजिक्स असेल, तरीही रिपीट करता येतं. फक्त मग ते वर्ष फिजिक्सचं असेल हे आधीच कबूल करायला हवं. पहिल्या रकान्यात तिन्ही विषय सारखेच दाटले असतील तर थांब, आणि स्वतःला विचार की अकरावी-बारावीची दोन वर्षं नेमकं काय झालं. आजारपण होतं, घरात काही चाललं होतं, की अभ्यास मनापासून झालाच नव्हता? आजारपण संपलं असेल तर हो म्हण. मन नव्हतं आणि आजही नाही, तर दुसऱ्या वर्षी ते कुठून येणार?

'सगळे रिपीट करतात' हे कारण मी धरत नाही. 'बाबांनी लोकांना सांगून ठेवलंय' हे तर मुळीच नाही.

मुलाला ५०० मिळाले. पुढच्या वर्षी ५६० आणले तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) लागेल ना?

हा प्रश्न पालकांचा, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. गुण बघू नका, रँक बघा.

२०२४ मध्ये दुरुस्त निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्स, एवढा कठीण निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६ मिळाले. त्या वर्षी ६५० च्या वर सगळ्या देशात फक्त ७३ मुलं होती. खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२४ मध्ये १६२ होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. म्हणजे आदल्या वर्षी ज्या गुणांना कुणी विचारलं नसतं, त्यांना पुढच्या वर्षी चांगली रँक मिळाली. याउलटही होऊ शकतं. पेपर सोपा आला की साठ गुण वाढूनही रँक मागे जाते.

म्हणून पुढच्या वर्षी किती गुण लागतील याचं उत्तर मी देत नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्याकडे शिकवणीची फी भरण्याआधी दोनदा विचार करा. बघायचं ते असं: आपल्या गटात, गोव्याच्या यादीत, शेवटची जागा मागच्या दोनतीन वर्षांत कोणत्या नीट रँकला गेली. पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय राज्याची गुणवत्ता यादी आणि फेऱ्यांचे निकाल जाहीर करतं. त्या रँकपासून तुमचं मूल किती लांब आहे, हा खरा आकडा.

आणखी एक. 'पात्र' म्हणजे प्रवेश नव्हे. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली, त्यातली १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. निकालाच्या दिवशी 'पास झाला' म्हणून पेढे वाटलेल्या घरांतून मला ऑगस्टमध्ये फोन येतात.

गोव्यातल्या मुलांना नेमक्या किती दारांवर अर्ज करता येतो?

सरकारी एमबीबीएससाठी राज्यात गोमेकॉ, बांबोळी. (पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा काढली, तिचीच ही वारस. आशियातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत तिचं नाव घेतात.) तिथल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, त्या संचालनालय भरतं. उरलेल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यातून जातात आणि त्यांचं समुपदेशन दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते.

रिपीट करणारी बरीच मुलं पहिल्या वर्षी फक्त गोव्याचाच फॉर्म भरलेली असतात, ऑल इंडियाची नोंदणी केलेलीच नसते. कारवार, बेळगाव, सिंधुदुर्ग इथली सरकारी मेडिकल कॉलेजं आपल्यापासून दोनतीन तासांवर. तिथल्या १५ टक्के जागा आपल्या मुलांनाही खुल्या आहेत. पेडण्याच्या मुलाला तर सिंधुदुर्गचं कॉलेज जिथे आहे ते ओरोसही फार लांब नाही. रिपीट करायचं ठरवण्याआधी यंदाच्याच रँकवर ही दारं ठोठावली का, ते तपासा.

पेपरचं स्वरूप बदललंय म्हणतात. काय बदललं?

२०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्न असत, त्यातले १८० सोडवायचे. प्रत्येक विषयात शेवटच्या १५ पैकी कोणतेही १०. वेळ २०२१ ला ३ तास, २०२२ पासून ३ तास २० मिनिटं. २०२५ पासून ही निवड गेली. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, आणि वेळ बरोबर ३ तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १.

त्या जुन्या दिवसांत सराव केलेल्यांना ही गोष्ट जड जाते. आवडीचे प्रश्न निवडायची सवय हाताला लागलेली असते. जुने पेपर सोडवायचेत तर सगळे प्रश्न सोडव आणि घड्याळ १८० मिनिटांवर लाव.

अंदाजाने उत्तरं मारावीत का?

हिशोब करू या. १४० बरोबर आणि ४० चूक म्हणजे ५२०. तेच १४० बरोबर, पण २० चूक आणि २० कोरे, तर ५४०. वीस गुणांत आपल्या गटातल्या कितीतरी रँका मागेपुढे होतात.

पण सगळेच अंदाज सारखे नाहीत. चारातले दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर उरलेल्या दोनांत उत्तर देणं फायद्याचं आहे, सरासरी दीड गुण हाती लागतो. चारही पर्याय अनोळखी असतील तर सरासरी पाव गुण, म्हणजे नशिबावर सोडल्यासारखंच. त्यातून शेवटच्या पाच मिनिटांत गोळे काळे करताना ओळ चुकायची भीती वेगळी. ओएमआरवर पेनाने काळा केलेला गोळा खोडता येत नाही.

अभ्यासक्रम तोच आहे का? ताईची जुनी पुस्तकं चालतील का?

एनसीईआरटीची चालतील, पण पूर्ण नाही. एनसीईआरटीने काही धडे वगळले आणि त्यानुसार २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नीटचा सुधारित अभ्यासक्रम काढला. बायोलॉजीतून पचन आणि शोषण, वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण, पर्यावरणाच्या समस्या असे धडे गेले. केमिस्ट्रीतून स्थायू अवस्था, पृष्ठीय रसायन, हायड्रोजन, बहुवारिकं गेली. जुन्या पुस्तकांत ती अजून आहेत आणि पोरं इमानेइतबारे वाचत बसतात. कमिशनचा अभ्यासक्रम छापून घे, पुस्तकातल्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने काट मार आणि मगच सुरुवात कर.

बायोलॉजी तर पाठ आहे. तरी १८-२० चुका कशा होतात?

हा माझा विषय, म्हणून इथे थोडं जास्त बोलते.

रिपीटराचा खरा वैरी म्हणजे ओळखीची ओळ. एनसीईआरटी चौथ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य 'हे माहीत आहे' असं वाटतं, डोळे घसरत पुढे जातात. माहीत असणं आणि ओळखणं यांत फरक आहे. अर्धसूत्री विभाजनाचं पान वाचताना कुणालाच अडचण येत नाही. पण पुस्तक मिटून विचारलं की क्रॉसिंग ओव्हर कोणत्या टप्प्यात आणि कायझ्मा कधी दिसतो, तर वर्गातली निम्मी मुलं पॅकिटीन आणि डिप्लोटीनची अदलाबदल करतात. नीटवाले नेमकं तिथेच बोट ठेवतात.

म्हणून दुसऱ्या वर्षी वाचन कमी कर. कोऱ्या कागदावर लिही. एक धडा घे, पुस्तक बंद, आणि आकृती, तक्ता, अपवाद जे आठवेल ते काढ. नंतर पुस्तक उघडून लाल पेनाने भर घाल. लाल जे दिसेल तेवढंच दुसऱ्या दिवशी वाच. प्राणिसृष्टीचे संघ, वनस्पतिसृष्टी, संप्रेरकांचे तक्ते, जैवतंत्रज्ञानातली विकरं, यांवर हे फार चांगलं चालतं. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. माझी मुलगी म्हणायची, 'आई, हे तर पहिलीतल्या पोरासारखं झालं.' झालं तर झालं.

विधान-कारण आणि जोड्या लावा या प्रश्नांचा वेगळा सराव कर. त्यात घाईघाईत वाचणारा मारला जातो.

फिजिक्सचं काय करू?

आपल्याकडे बायोलॉजी घेणाऱ्या मुलांच्या डोक्यात आठवीपासून 'मला गणित जमत नाही' हे बसलेलं असतं, आणि घरातले त्याला खतपाणी घालतात. १८० गुणांचा विषय असा सोडून चालत नाही. २०२५ ने तर ते सगळ्यांना दाखवून दिलं.

मी फिजिक्सची टीचर नाही. आमच्या हायर सेकंडरीतले फिजिक्सचे सर रिपीटरांना सांगायचे तेच सांगते. आधी यांत्रिकीतली बळं, कार्य-ऊर्जा, घूर्णन नीट कर, कारण ती मोडकळीला आलेली असली की पुढचं सगळं डगमगतं. मग विद्युतधारा, प्रकाशशास्त्र, आधुनिक भौतिकी आणि अर्धवाहक. या शेवटच्या भागांत सूत्रं कमी आणि प्रश्न सरळ येतात. रोज वीस गणितं, उत्तरं न बघता. न सुटलेल्या गणिताचं उत्तर त्याच रात्री वाचायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा प्रयत्न करून मगच वाचायचं. सरांचा हा नियम मला तेव्हा छळ वाटायचा. आता पटतो.

कोटा किंवा हैदराबादला पाठवू की इथेच ठेवू?

मुलगा घरापासून लांब राहून जेवतो का, झोपतो का, आजारी पडला तर सांगतो का? या तिन्हीला हो असेल तर विचार करा. माझ्या मुलीला मी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लासमध्ये घातलं. एका वर्गात दीडशेहून जास्त मुलं, शंका विचारायला रांग, आणि मेसचं पाणी असं की तिसऱ्या महिन्यात कावीळ घेऊन ती घरी आली. फी परत मिळाली नाही. उरलेलं वर्ष तिने पणजीला काढलं, सकाळी क्लास आणि नंतर पाटोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात अभ्यास. त्या वाचनालयात अशीच परीक्षांची पोरं भरलेली असतात, एकमेकांकडे बघून बसायला बळ येतं. कदंब बसने घरी यायला तास लागायचा, त्या तासात ती फ्लॅशकार्डं बघायची किंवा झोपायची. बहुतेक झोपायची.

बाहेर जाऊन यश मिळालेलीही मुलं आहेत. क्लास निवडताना मागच्या वर्षीच्या पोस्टरवरचे हसरे चेहरे मोजू नका. एवढंच विचारा: रिपीटरांची बॅच वेगळी आहे का, की नव्यांबरोबर पहिल्यापासून तेच ऐकवणार? दर आठवड्याला पूर्ण पेपर होतो का? झालेल्या पेपरच्या चुका कोण बसून तपासतं?

वर्ष घरी बसण्यापेक्षा बीएससीला नाव घालून ठेवू का?

मुलाच्या स्वभावावर आहे. कॉलेजमध्ये हजेरी, प्रॅक्टिकल, जर्नल, सेमिस्टरच्या परीक्षा. यातून नीटसाठी रोज सहा तास निघणं कठीण. मात्र काही मुलांना घराच्या चार भिंतींत दुपारी तीननंतर वेड लागायची पाळी येते, त्यांना कॉलेजचा आधार होतो. अशांनी जमतील तेवढे विषय करावेत आणि 'दोन्ही पूर्ण होईल' असं घरच्यांना वचन देऊ नये.

बीडीएस किंवा बीएएमएस मिळतंय. घेऊ की पुन्हा नीट देऊ?

आधी हे बघ की तुला दातांचं किंवा आयुर्वेदाचं काम करायचंय का. नाही तर घेऊ नकोस. पाच वर्षं रडत काढावी लागतील आणि एका खऱ्या इच्छुकाची जागा अडवशील. हो असेल तर 'कमीपणा' हा शब्द डोक्यातून काढ. आपले मुख्यमंत्री प्रमोद सावंत आयुर्वेदाचेच डॉक्टर आहेत, आणि हे मी राजकारण म्हणून सांगत नाही. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी, दोन्हीची कॉलेजं आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची इमारत उभी राहून काही वर्षं झाली. यातल्या बीएएमएस, बीएचएमएससाठीही नीट लागतेच.

जागा घेऊन पहिल्याच वर्षी नीट पुन्हा देणारी मुलं मी पाहिलीत. जमतं, पण क्वचित. आणि जागा सोडायची शेवटची तारीख, दंड, मूळ कागदपत्रं परत मिळण्याचे नियम हे प्रवेशपुस्तिकेत बारीक अक्षरांत असतात. सही करण्याआधी ती पानं वाचा. ऑल इंडियाच्या शेवटच्या फेरीत जागा मिळून ती घेतली नाही, तर पुढच्या वर्षी परीक्षेला बसण्यावरच बंदी येऊ शकते. रिपीट करायचंच आहे असं ठरवलेल्यांनी त्या फेरीत 'बघू तर खरं' म्हणून नोंदणी करू नये.

बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत कमी पडले, तर?

खुल्या गटाला या तीन विषयांत मिळून ५० टक्के, मागास गटांना ४०, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ टक्के अशी अट साधारणपणे असते, पण यंदाची अट प्रवेशपुस्तिकेत बघ. नीटमध्ये कितीही आणा, ती पुरी होत नसेल तर प्रवेश नाही. कमी असतील तर या वर्षात बोर्डाची सुधारणा परीक्षा देऊन टाक. नीटच्या अभ्यासातून ती होऊन जाते, फक्त फॉर्मची तारीख चुकवू नकोस.

रिपीटराने फॉर्म भरताना आणि कागद जमवताना काय सांभाळायचं?

फॉर्ममध्ये 'यंदा बारावीला बसणारा' आणि 'बारावी उत्तीर्ण' यांचे कोड वेगळे असतात. दुसराच निवड. २०२५ ला खुल्या गटाची फी १७०० रुपये होती, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना १०००. ओबीसीसाठी नॉन क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि त्या आर्थिक वर्षाचा हवा, ऑल इंडियाला राज्याचा जुना दाखला चालत नाही. गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांनी अनुसूचित जमातीचा दाखला फॉर्मच्या आधीच हातात ठेवावा.

रहिवासाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत मेमध्येच जा. निकालानंतर सगळा तालुका तिथे लोटतो आणि पाऊसही सुरू झालेला असतो. मधल्या वर्षासाठी प्रतिज्ञापत्र लागलं तर आईबाबांपैकी कुणी एक दिवस काढून करून घ्यावं, मुलाला अभ्यास करू द्यावा.

मराठीतून पेपर देता येईल का?

नीट तेरा भाषांत होते, त्यांत मराठी आहे, कोंकणी नाही. पण प्रादेशिक भाषेचा पेपर त्या भाषेच्या राज्यातल्या केंद्रांवर मिळतो, म्हणजे मराठी महाराष्ट्रात. गोव्याचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. भाषांतरात काही घोळ असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. आपली मुलं अकरावी-बारावी इंग्रजीतूनच शिकतात, तेव्हा पेपर इंग्रजीतून द्यावा. समजून घ्यायला मराठीत बोला, लिहायला इंग्रजी.

वर्षाचं वेळापत्रक कसं असावं?

मिनिटामिनिटाचा तक्ता बनवू नको, गणेशचवथीलाच तो फाटतो. जुलै ते ऑक्टोबर पहिल्या रकान्यातले धडे मुळापासून. चवथीला पाच दिवस सुटी घे, मनापासून घे, मामाकडे जा. नंतर दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्यापासून मात्र सांभाळ. रोज रात्री 'तासभर' म्हणून गेलेली पोरं पंधरा दिवस कागद चिकटवत बसतात. नोव्हेंबर ते जानेवारी दर रविवारी पूर्ण पेपर, दुपारी दोन ते पाच, कारण परीक्षा त्याच वेळेला असते आणि जेवल्यावर डोकं कसं चालतं ते आधी कळायला हवं. फेब्रुवारीपासून नवं काही नाही, फक्त चुकांची वही आणि पेपर. पावसात वीज जाते, चार्ज केलेला दिवा जवळ ठेव. हे हास्यास्पद वाटेल, पण सत्तरी तालुक्यातल्या मुलांना विचारा.

लोक विचारतात, 'कितें गो, मेळ्ळें?' (काय गं, मिळालं?) काय उत्तर देऊ?

'ना, परत दितां.' (नाही, पुन्हा देते.) एवढंच. जास्त बोललीस तर चहा होईस्तोवर चौकशी चालेल. लग्नाकार्याला आणि जत्रेला जायचं टाळू नकोस, पण आईबाबांनी तिथे तिला एकटं सोडून गप्पा मारत बसू नये. आमच्या घरी मी चुलत नणंदेला स्पष्ट सांगितलं होतं की मुलीला परीक्षेचं विचारायचं नाही. ती दोन महिने बोलली नाही माझ्याशी. चाललं.

झोप उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, सतत 'मी नसतो तर बरं' असे शब्द येत असतील, तर हे अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे गेलं म्हणजे कुणाला वेड लागलं, ही समजूत आता तरी सोडा. एक वर्ष, एक परीक्षा यांपेक्षा मूल मोठं आहे.

पेपरफुटी झाली, परीक्षा रद्द झाली तर?

२०२४ मध्ये तसा गदारोळ झाला. वेळ कमी पडल्याबद्दल दिलेले वाढीव गुण रद्द झाले, १५६३ मुलांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली, निकाल दुरुस्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. आपल्या हातात काय? मोबाइलवर रोज रात्री बातम्या न बघणं.

परदेशात पाठवायचं ठरवलं तर रिपीट टळेल का?

नीटमधून सुटका नाही, पात्र व्हावंच लागतं. कॉलेज निवडताना २०२१ चे नियम बघा: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक जरी नसलं तर परत येऊन इथे डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. एजंट विमानाच्या तिकिटाचं बोलत असेल तेव्हा हे तीन प्रश्न विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

तिसऱ्यांदा द्यावी का?

दुसऱ्या वेळची ओएमआर काढ आणि पुन्हा तेच तीन रकाने भर. मागच्या वर्षीच्या वहीशेजारी ठेव. पहिला रकाना अर्ध्याहून कमी झालाय आणि रँक जागेच्या अगदी दाराशी आली, तर मी हो म्हणेन. रकाने जसेच्या तसे असतील तर मी नाही म्हणेन, आणि आईबाबांसमोर म्हणेन. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन प्रयत्नांनंतर नर्सिंगला गेली, आज बांबोळीतच अतिदक्षता विभागात आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, 'टीचर, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला राग आला होता.' मी विचारलं, अजून आहे का? हसून म्हणाली, 'थोडासा.'

परीक्षेच्या दिवशी रिपीटर काय विसरतो?

'मला सगळं माहीत आहे' या भरवशावर पोस्टकार्ड आकाराचा फोटो. दरवर्षी कुणीतरी दुपारी एक वाजता केंद्राबाहेर झेरॉक्सवाल्याकडे धावत असतं. दीडला गेट बंद होतं, नंतर कुणाचं काही चालत नाही. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. बूट नकोत. पेन आत मिळतो. मेचा पहिला आठवडा, घामाने हात ओला होतो, ओएमआरवर हाताखाली कागद धर. लईराईची जत्रा त्याच सुमारास येते, डिचोलीच्या बाजूने येणार असशील तर रस्त्यासाठी तासभर जास्त काढ.

आणि संपल्यावर पुस्तिका घेऊन घरी ये. बाहेर उभ्या पोरांशी उत्तरं जुळवत बसू नकोस.